चौफुलीचं उघडं टोक

१

इंबीला भीती अशी कधी वाटलीच नाही. लहानपणी नाही, लग्नात नाही, आणि भीतीचंच संशोधन करायची नोकरी धरली त्या दिवशी तर मुळीच नाही. तार्तू शहरातल्या संस्थेत तिचं काम म्हणजे उंदरांना घाबरवायचं आणि घाबरल्यावर त्यांच्या मेंदूत कोणतं रसायन चढलं, कोणतं उतरलं ते मोजायचं. तरुणपणी एकदा संस्थेला निरोगी माणसं हवी होती. सीसीके नावाच्या प्रथिनाचा एक बारकासा तुकडा शिरेतून दिला की धडधाकट माणसालाही पॅनिकचा झटका येतो, ते तपासायचं होतं. इंबी सगळ्यांच्या आधी बाही वर करून बसली. बाकीच्यांना मिनिटभरात दरदरून घाम फुटला, एक पैलवान गडी "मेलो, मेलो" करत कॉटवरून उतरायला लागला. इंबीला एक उचकी आली. तिने पाणी मागितलं आणि विचारलं, "सुरू कधी करताय?"

तिच्या हाताखाली काम करणारा तावी ही गोष्ट येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. "आमच्या बाईसाहेबांच्या मेंदूत घंटाच बसवायची राहिली आहे," म्हणायचा. इंबीही हसायची. तिला स्वतःचा स्वभाव आवडत असे, आणि तो लपवायचं काही कारण तिला कधी दिसलं नाही.

प्रयोगाच्या खोलीत मुख्य वस्तू एकच, चौफुली. कमरेइतक्या उंचीवर अधिकच्या चिन्हासारख्या जोडलेल्या चार अरुंद वाटा. समोरासमोरच्या दोन वाटांना दोन्ही बाजूंनी उंच भिंती, म्हणजे बंद बोळ. उरलेल्या दोन उघड्या, कडेला साधा कठडाही नाही. उंदीर मधोमध सोडायचा, शेजारच्या खोलीत जाऊन बसायचं आणि छताच्या कॅमेऱ्यातून बघायचं. घाबरट उंदीर बोळात शिरून बसतो. धीट, किंवा औषधाने धीट केलेला, उघड्यावर फिरून येतो. बंद म्हणजे भीती, उघडं म्हणजे धीर, असा साधा हिशेब. जगभरच्या प्रयोगशाळा या हिशेबावर चालतात आणि इंबीनेही उभी नोकरी त्यावरच काढली होती.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता जुनी चौफुली तडकली. नवी मागवायची तर मंजुऱ्या येईपर्यंत नदी गोठली असती. इंबी म्हणाली, "आमच्या घरी एक सुतार रिकामा बसलाय." सुतार म्हणजे तिचा नवरा, तोइवो. त्याने इतकी देखणी चौफुली करून दिली की तावी कितीतरी वेळ तिच्यावरून हात फिरवत उभा राहिला.

"बोळाच्या भिंतींना जुनं लाकूड आहे," इंबी कौतुकाने म्हणाली. "आमच्या जिन्याखालच्या कोठीची एक भिंत सोडवली त्याने. असं लाकूड आता मिळत नाही म्हणे."

पहिला उंदीर मुद्दाम त्या खेपेतला सगळ्यांत भित्रा निवडला. इंबीने तो मधोमध ठेवला आणि दार लावून घेतलं. उंदीर बोळाच्या तोंडाशी गेला, नाक वर केलं आणि तिथेच थांबला. मग वळलाही नाही, तसाच मागे मागे सरकत उघड्या फळीवर आला आणि अगदी टोकाला जाऊन बसला. तोंड बोळाकडे. वेळ संपेपर्यंत त्याने ना मिशा पुसल्या ना जागा सोडली.

"वा रे पठ्ठ्या!" तावी म्हणाला. "भित्रा म्हणे! हा तर हिरो निघाला."

इंबीने त्याच्या नावापुढे 'धीट' लिहिलं. मग दोघांनी चहाबरोबर चॉकलेटात घोळवलेल्या चक्क्याच्या वड्या खाल्ल्या.

२

तोइवोचं दुखणं एका किराणा दुकानाच्या रांगेत सुरू झालं होतं. हातात काकडीच्या लोणच्याची बरणी, पुढे दोन बायका, आणि अचानक हवाच संपली. बरणी फुटली, ॲम्ब्युलन्स आली, हृदय ठणठणीत निघालं. त्यानंतर तो दुकानात जाईना. मग बसमध्ये बसेना, मग रस्त्यावर येईना, आणि शेवटी अंगणसुद्धा सुटलं. वर्षं उलटली. गल्लीतली नवी पोरं तर इंबीला विधवाच समजत.

इंबीला त्या दुखण्याची सगळी कुंडली पाठ होती. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या बुडाशी गुदमरल्याची घंटा वाजते. तोइवोची घंटा उगाचच वाजायची. ती कशाने वाजते, कोणतं रसायन तिला धरून ठेवतं, हे इंबी विद्यार्थ्यांना फळ्यावर आकृती काढून शिकवायची आणि घरी येऊन नवऱ्याच्या पाठीवर हात फिरवत बसायची. गोळ्यांनी तो शांत व्हायचा, पण असा की दिवसभर खुर्चीतून हलायचा नाही. तिला त्याच्यासोबत एकदाच पुन्हा पेइप्सी तळ्यावर जायचं होतं. लग्नानंतर दर शरदात ते जायचे, धुरी दिलेले मासे खायचे, कांद्याच्या माळा गळ्यात घालून परत यायचे. यापलीकडे देवाकडे तिचं काही मागणं नव्हतं.

नवी चौफुली सुरू झाली त्या संध्याकाळी ती वाटाणा गल्लीतल्या आपल्या लाकडी घराशी आली, आणि तिचा हात फाटकावरच राहिला. अंगणाच्या पार टोकाला, सफरचंदाच्या झाडाखाली, बाकावर तोइवो बसला होता. पायांत चपला, डोक्यावर टोपी.

"काय गं?" तो म्हणाला. "असं काय बघतेस? भूत बघितल्यासारखं?"

"तू बाहेर आहेस."

"दिसतंय मला ते."

"कधीपासून?"

"दुपारपासून. हवा बरी आहे." मग जरा थांबून, "रडतेस काय वेडे? शेजारचे बघतायत."

बघेनात का! ती रडली, फाटकात उभी राहून मोकळेपणी रडली. बाक आखूड होता तरी त्याच्या शेजारी दाटीवाटीने बसली, आणि अंधारून येईपर्यंत दोघं गप्पा मारत राहिले.

३

एकामागून एक सगळे उंदीर हिरो निघाले. ज्यांना काही दिलं नव्हतं तेही. बोळाच्या तोंडाशी जायचे, थबकायचे, मागे सरकायचे आणि टोक गाठायचे.

"तुमच्या नवऱ्याने लाकडाला काय पाजलंय ते विचारा," तावी म्हणाला. "आपण औषधं कशाला करतोय? फळ्या विकू."

"तावी, हे चुकलंय."

"चुकलंय काय? धीटपणा आहे!"

"सगळ्यांनाच कसा? लाकडाला वास असणार. नुगिस, दुसरं काय?"

नुगिस हा मुंगसाच्या चणीचा प्राणी. जुन्या लाकडी घरांच्या पोटमाळ्यावर शिरतो आणि उंदरांचा कर्दनकाळ असतो. त्याचा वास लागला तर कुठला उंदीर त्या बोळात जाईल? इंबीला हे पटलं. पटल्यावर बरं वाटलं. दोघांनी मिळून सगळ्या भिंती स्पिरिटने पुसल्या, सुकवल्या, पुन्हा पुसल्या, वर वार्निशचा जाड हात दिला. खोलीत नाक धरून वावरायची पाळी आली.

दुसऱ्या दिवशी उंदीर पुन्हा टोकावर. तावीने कॅमेऱ्यातलं चित्र मोठं केलं. "इंबी, एक बघा. यातला एकसुद्धा बोळाला पाठ दाखवत नाही."

"मग?"

"मग काही नाही. म्हटलं दाखवावं."

प्रयोगाच्या खोलीत चौफुलीभोवती काहीच नव्हतं. पांढऱ्या भिंती, मंद दिवा, हवा खेळती ठेवणाऱ्या पंख्याची घरघर. इंबी आत गेली की तिला तिथे छान वाटायचं. ती ते कामाच्या समाधानाच्या खात्यात टाकायची.

४

घरी मात्र सणच होता. तोइवो फाटकापर्यंत गेला, मग गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, मग नदीकाठी. बाजारातून त्याने एकट्याने बटाटे आणले तेव्हा शेजारच्या साल्मेबाईंनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. गोळ्या त्याने केव्हाच बंद केल्या होत्या. सकाळी इंबी कामाला निघाली की तोही तिच्याबरोबरच बाहेर पडे. जेवणही तो बाकावरच करी. राईचा काळा पाव, खारवलेले मासे, थर्मासमधला चहा. त्याच्या गालांवर रंग आला.

आणि एका रविवारी ते खरंच पेइप्सीवर गेले. वारा बोचरा होता, तळ्याचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं, आणि रस्त्याच्या कडेला म्हाताऱ्या कांद्याच्या माळा टांगून बसल्या होत्या, पूर्वीसारख्याच. तोइवोने त्यातल्या एकीशी उगाचच घासाघीस केली.

"एवढ्या चांगल्या कांद्याला नावं ठेवतोस?" म्हातारी डाफरली. "इतकी वर्षं कुठे होतास रे?"

"घरात," तोइवो म्हणाला, आणि इतक्या मोठ्याने हसला की म्हातारीलाही हसू आलं.

इंबीने ती माळ घरी येईपर्यंत गळ्यात ठेवली. बसमध्ये लोकांनी नाकं मुरडली तरी ठेवली.

घराच्या दाराशी मात्र तो थांबला. किल्ली त्याच्याच खिशात होती, ती त्याने तिच्या हातात दिली. "तू हो पुढे."

"का रे?"

"हो ना. येतो मी."

तो आला, पण बऱ्याच वेळाने. ती तोवर जिन्यात दिवा लावून, कोठीच्या दाराशी कांदे टांगून, वर स्वयंपाकघरात मोठ्या शेगडीत लाकडं घालत होती. तो आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. चढण चढल्यामुळे असेल, असं तिला वाटलं. जिना तसा लहानसाच आहे, हे तिच्या मनात आलं आणि गेलं.

५

शेवटी इंबीने तिच्या धंद्यातला नेमका प्रश्न विचारला. हे उंदीर खरंच धीट असतील तर त्यांना घाबरवून बघू. अर्ध्यांना सीसीके टोचायचं, म्हणजे ते भीतीने बोळ गाठतील. अर्ध्यांना डायझेपाम द्यायचं, म्हणजे उरलीसुरली धाकधूक जाऊन ते उघड्यावर आणखी निवांत फिरतील. यात चुकायला जागाच नव्हती.

सीसीके दिलेला पहिला उंदीर मधोमध ठेवताच बाणासारखा उघड्या टोकाला गेला. टोकावर पोचला तरी मागे सरकायचं थांबेना. मागचे पाय सुटले, आणि इंबी धावत आत जाऊन पोचली म्हणून तो तिच्या ओंजळीत पडला. तळव्यावर त्याचं हृदय थडथडत होतं. दुसरा तसाच. तिसरा तर तिच्या आधी खाली जमिनीवर.

डायझेपाम दिलेला मात्र पोटभर जेवलेल्या माणसासारखा डुलत निघाला आणि सरळ बोळात शिरला.

दोघं कॅमेऱ्याच्या पडद्याकडे वाकले. बोळात तो उंदीर आडवा झाला होता. पिल्लं आईला बिलगून निजतात तसा, अंगाचं वेटोळं करून, पोट पुढे लावून. पण भिंतीला नाही. भिंत त्याच्या पाठीमागे, चांगली चार बोटं लांब होती. तो बिलगला होता ती जागा रिकामी होती.

"म्हणजे उघड्यावर येतायत ते धीट म्हणून येत नाहीत," तावी हळू म्हणाला.

"नाही."

"पळून येतायत."

उंदराला बाहेर काढायला इंबी आत गेली. बोळात कोपरापर्यंत हात घातला आणि तिला आत ऊब लागली, शेगडीजवळ लागते तशी. थर्मामीटर आणायला हवा, असं तिच्या बुद्धीने तिला सांगितलं. पण हात बाहेर काढावासा वाटेना. फार बरं वाटत होतं.

"इंबी," तावी दारातून म्हणाला. त्याच्या आवाजात नेहमीची मस्करी नव्हती. "उंदीर केव्हाच बाहेर आलाय. हात काढा आता."

तिने हात काढला. कोट अंगावर चढवताना तिला अंगणातला बाक आठवला. झाडाखालचा, अंगणाच्या पार टोकाचा. एवढ्या दिवसांत तोइवो त्यावर एकदाही रस्त्याकडे तोंड करून बसला नव्हता.

६

दुपार कलत होती. हिमाचे पहिले बारीक कण उतरायला लागले होते आणि तोइवो घराकडे तोंड करून बाकावर बसला होता.

"लवकर आलीस," तो म्हणाला.

"तोइवो, तू बरा झाला नाहीस."

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कुणी सांगितलं? उंदरांनी?"

"हो."

"हुशार असतात." त्याने गुडघ्यावरच्या टोपीची कड चाचपली. "कोठीची एक भिंत सोडवली त्या दिवसापासून. ती तुझ्याकडे गेली, दुसरी आहे तशी आहे. आत काय आहे ते विचारू नकोस, मी काही बघितलेलं नाही. घरात पाऊल टाकलं की माहीत होतं, एवढंच. घंटा वाजते. या वेळची खोटी नाही, इंबी. खोटी मी चांगली ओळखतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? मला बाकावर बघून तू फाटकात उभी राहून रडलीस. इतकी खूश मी तुला कधी बघितली नव्हती. म्हटलं, भीतीने का होईना, बाहेर तर पडलो! तळ्यावर गेलो. कांदे आणले. तेवढं तरी खरंच झालं ना?"

इंबी त्याच्या शेजारी टेकली. "मग रात्री आत कशाला येतोस? साल्मेबाईंकडे झोपायचं."

तोइवोने तिच्याकडे बघितलं. इतका साधा प्रश्न हिने का विचारावा, असं त्याला वाटलेलं दिसलं. "तू आत असतेस ना," तो म्हणाला.

एवढ्या वर्षांत तिने हजारो घाबरलेले उंदीर पाहिले होते. त्यांतला एकही दुसऱ्यासाठी उलटा भीतीकडे गेला नव्हता. आपण याची कीव करत आलो, याच्या पाठीवर हात फिरवत आलो, आणि हा रोज संध्याकाळी तो जिना चढत होता. तिला त्याचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली. मग ती उठली.

"कुठे?" तो म्हणाला.

"कोठीत. जाऊन बसते थोडा वेळ. काय आहे नि काय नाही, ते कळेल तरी. घाबरणाऱ्या माणसाला जमायचं नाही ते. मला जमेल."

"इंबी, नको."

"अरे, मला उचकीसुद्धा यायची नाही."

कोठीत बटाटे होते, जॅमच्या बरण्या होत्या, गवतात ठेवलेली सफरचंदं होती. एका बाजूला जुनी फळ्यांची भिंत, दुसऱ्या बाजूला उघडी वीट. कांद्याची माळ दाराला डुलत होती. इंबीने कोट खुंटीला अडकवला, खोक्यावर बसली, शेजारी जुन्या रजयांची चळत, आणि दार ओढून घेतलं.

काहीच नव्हतं. अंधार, सफरचंदांचा वास, आणि ऊब. ती वाट बघत बसली. तिला आपले वडील आठवले, मग काहीच आठवेना. पाठ सैल पडली, खांदे उतरले. लहानपणी ताप उतरत असताना वाटायचं तसं हलकं वाटायला लागलं. इथे आपण आधीच का नाही आलो, असा विचार तिच्या मनात आला. तो विचार आपला आहे का, अशी एक बारीकशी शंकाही आली. तिने ती बाजूला ठेवली, कारण ती शंका फेडायला जरा हलावं लागलं असतं.

दार धाडकन उघडलं. तोइवो. तोंड पांढरंफटक, घामाने निथळलेलं, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. त्याच्या खांद्यांवर हिमाचा जाड थर होता. ती आत आली तेव्हा तर नुसते कण पडत होते. त्याने काही न बोलता तिचं मनगट धरलं आणि ओढलं. ओढली जाताना तिने मागे वळून पाहिलं. जिन्यातल्या दिव्याचा उजेड रजयांवर पडला होता. चळत मधोमध खोल दबलेली होती, आणि दबलेला भाग हळूहळू वर येत होता.

७

दोघं बाकाशी येऊन पोचले. तोइवो दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून श्वास गोळा करत होता, आणि इंबीला पहिल्यांदा नीट सुचायला लागलं. घर विकायचं. आज रात्रीपासून साल्मेबाईंकडे. ती हे बोलणार तोच खिशातला फोन वाजला.

"इंबी, बसलाय ना? बसा," तावी ओरडतच होता. "तुम्ही गेल्यावर मी आणखी काही सोडले. सगळे टोकावर, नेहमीचंच. आणि आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत, टोकावरचा एक उठला, मिशा पुसल्या आणि चालत बोळात गेला. पुढचाही गेला. सीसीके दिलेला तर सगळ्यांत वेगाने! सगळे शहाण्यासारखे घाबरतायत हो! चौफुली बरी झाली!"

"आत्ता?"

"आत्ता. मी घड्याळ नाही बघितलं, नाचत होतो."

तिने तोइवोला सांगितलं. तो तिच्याकडे बघत राहिला, मग घराकडे. काहीतरी ऐकत असावा तसा त्याने डोकं कलतं केलं. आणि मग जे इतक्या दिवसांत झालं नव्हतं ते झालं. तो आपण होऊन उठला आणि एकटा घरात गेला.

इंबी बाकावरून बघत राहिली. जिन्यातला दिवा लागला. मग वरचा, मग निजायच्या खोलीतला. स्वयंपाकघराची खिडकी उघडून त्याने डोकं बाहेर काढलं.

"काही नाही!" तो ओरडला. "बटाटे आहेत नुसते! सगळ्या खोल्या फिरलो! इंबी, घर रिकामं आहे!"

साल्मेबाईंच्या खिडकीचा पडदा हलला. इंबीला हसू आवरेना.

८

तो खाली आला तो दोन कप कॉफी घेऊन. तिच्या शेजारी दाटीवाटीने बसला आणि अखंड बोलत सुटला. आज रात्री शेगडी पेटवून बटाट्याची धिरडी करायची. रविवारी पुन्हा तळ्यावर, आणि या वेळी म्हातारीला पूर्ण पैसे द्यायचे. कोठीला नवी भिंत लावून टाकू, साधी, पाइनची. "आणि गोळ्या नाहीत," तो म्हणाला. "बघ, नाडी बघ माझी." तिने बघितली. नाडी संथ चालली होती. खरोखर बरा झालेला माणूस तिच्या हातात हात देऊन बसला होता, आणि हिम दोघांच्या कपांत पडत होतं.

"पण तुझा कोट कुठे आहे?" त्याने विचारलं.

"राहिला कोठीत."

"अगं, मग नुसत्या ब्लाउजवर बसलीस? थंडी नाही वाजत?"

"नाही," ती म्हणाली, आणि खरंच वाजत नव्हती. पुढून वारा लागत होता, गुडघे गारठले होते, पण पाठीला छान ऊब होती. खांद्यांवर हिम टिकत नव्हतं, पडल्या पडल्या विरत होतं.

तिच्या बोटांखालची नाडी चुकली. मग धावायला लागली.

तोइवोचं बोलणं थांबलं होतं. त्याने कप हळूच खाली बर्फात ठेवला. तिच्यावरची नजर न काढता तो सरकायला लागला, वळला नाही, तसाच मागे मागे, बाकाच्या अगदी टोकापर्यंत. तिथे बसला. तोंड तिच्याकडे. डोळे तिच्या खांद्याच्या जरासे वर.

इंबीने हे इतक्यांदा पाहिलं होतं की तिला विचारायची गरज नव्हती. मागे वळून बघावं का, हे तिने मनाशी पडताळून पाहिलं. वळावंसं वाटत नव्हतं. या क्षणी आपल्याला भीती वाटायला हवी, हे तिला पक्कं माहीत होतं. कोणत्या रसायनाने, मेंदूच्या कोणत्या कोपऱ्यात, तेही माहीत होतं. ती वाट बघत बसली. साधी उचकीसुद्धा आली नाही.

"जा तू," ती म्हणाली. "साल्मेबाईंकडे जा. पळ, तोइवो."

बाकाच्या पलीकडे फाटक उघडं होतं, गल्ली मोकळी होती. तो उठला नाही. टोकावर बसूनच त्याने हात लांब केला आणि तिचा हात घट्ट धरला.

इंबीला फार बरं वाटत होतं.